कडीला बांधलेलं फडकं

११ जानेवारी, रविवार

आत्या एकदा म्हणाली होती, "विचारपूस करणारे पुष्कळ असतात गं, वाट बघणारं कुणी नसतं." ती एकटी राहायची आणि मी सुट्टीत तिच्याकडे गेले होते. एवढंच बोलून तिने माझ्या वेणीची रिबीन घट्ट केली. इतक्या वर्षांत हे वाक्य कधी आठवलं नव्हतं. आज दिवसभर डोक्यातून जात नाही.

तळमजल्यावरच्या आजींना आज नेलं. वास यायला लागला म्हणून सेक्रेटरींनी दार फोडवलं. किती दिवस झाले असतील ते कुणालाच सांगता येईना. जिन्यात उभे राहून सगळे आठवून बघत होते, शेवटच्या कधी दिसल्या. कुणी म्हणालं परवाच, कुणी म्हणालं मागच्या आठवड्यात, चादर वाळत घालताना. मग लक्षात आलं की सगळेजण एकच निळी चादर सांगतायत, आणि ती चादर अजून दोरीवरच आहे.

मी रोज कामावर जाताना त्या दारावरून जाते. रोज.

१४ जानेवारी, बुधवार

ठरवलं आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये एकटी राहणारी सात माणसं आहेत. प्रत्येकाला एक पिवळं फडकं द्यायचं. सकाळी उठल्यावर ते बाहेरच्या कडीला बांधायचं, झोपताना सोडून आत घ्यायचं. आठ वाजता मी कामाला निघते, तेव्हा आधी वर जाऊन वरपासून खालपर्यंत नजर टाकत उतरायचं. फडकं दिसलं नाही तर बेल वाजवायची. कुणाला फोन नको, मशीन नको, खर्च नको.

हॉलचे जुने पडदे होतेच. आज संध्याकाळी बसून फाडले आणि कडा शिवल्या. लेक बघत होती. म्हणाली, "आई, तू बिल्डिंगची मॉनिटर झालीस." मी म्हटलं, कुणीतरी व्हायला हवं.

१८ जानेवारी, रविवार

सगळ्यांकडे जाऊन आले. बहुतेकांना आवडलं. आजींच्या प्रकाराने सगळेच हादरलेत. सेक्रेटरी म्हणाले, "ताई, कल्पना झकास आहे, फक्त बिल्डिंग गॅरेजसारखी दिसणार."

तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोघं एकटी राहतात. एक पेंटरकाका, ज्यांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता त्यांचे हात कापतात. दार उघडलं तेव्हा सदऱ्याची बटणं वर-खाली लागलेली होती. फडकं हातात घेऊन म्हणाले, "रंग चांगला आहे. पण ताई, मला सकाळी लवकर जाग येत नाही. रात्रभर पाय चालू असतात, झोप लागते ती पहाटे." मी म्हटलं, काका, दोन मिनिटं उठायचं, बांधायचं, परत झोपायचं. ते हो म्हणाले.

समोर शिट्टीबाई. शाळेत कवायत शिकवायच्या, त्यावरून पोरांनी ठेवलेलं नाव. त्यांनी फडकं उलटसुलट करून पाहिलं. "आणि तुझं कुठाय?"

"मी एकटी थोडीच आहे बाई? लेक आहे ना."

"बरं," म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'मध्ये नेहमी आणखी काहीतरी असतं.

२४ जानेवारी, शनिवार

पेंटरकाका सोडले तर सगळे नियमित. त्यांची बेल या आठवड्यात चारदा वाजवावी लागली. डोळे चोळत येतात, माफी मागतात. आज मी जरा कडक बोलले. तुमच्या भल्यासाठीच करतेय ना हे सगळं, असं काहीतरी. समोरचं दार किलकिलं होतं. शिट्टीबाई बघत असाव्यात.

लेकीने आज स्वतःच्या खोलीच्या दाराला उरलेला पिवळा तुकडा बांधला, वर कागद चिकटवला, 'जिवंत आहे. उठवू नये.' हसू आलं. दार मात्र संध्याकाळपर्यंत बंदच होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पेंटरकाकांच्या कडीला फडकं नव्हतं. बेल वाजवली, दार ठोठावलं, हाका मारल्या. उत्तर नाही. डोळ्यांपुढे ती निळी चादर. सेक्रेटरी आले, वरचे-खालचे आले, शेवटी पहारीने कुलूप तोडलं.

काका न्हाणीघरात होते. नळ चालू होता आणि कानाचं मशीन बाहेर टेबलावर. टॉवेल गुंडाळून, साबणाच्या डोक्याने बाहेर आले तर हॉलमध्ये अर्धी बिल्डिंग. सगळे हसत सुटले, सुटकेचं हसू. मीही हसले, डोळ्यांत पाणी होतं. काका मात्र भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शिट्टीबाई गर्दीतून पुढे आल्या, खुर्चीवरची शाल त्यांच्या खांद्यावर टाकली आणि आम्हाला म्हणाल्या, "झालं बघून? आता चालू पडा." शाळेतल्यासारख्या.

मला वाईट वाटलं नाही, खरं लिहायचं तर. व्यवस्था चालते हे सिद्ध झालं.

संध्याकाळी नवं कुलूप बसवून घेतलं. दोन किल्ल्या मिळाल्या. मी काकांना म्हटलं, एक माझ्याकडे ठेवते, म्हणजे पुन्हा तोडातोडी नको. ते म्हणाले, "नको ताई." एवढंच. दोन्ही किल्ल्या मुठीत धरून आत गेले. म्हातारपणी माणसं हट्टी होतात.

९ फेब्रुवारी, सोमवार

आश्चर्य. त्या दिवसापासून पेंटरकाकांचं फडकं एकदाही चुकलं नाही. मी जाते तेव्हा ते आधीच असतं, आणि कसं नीट बांधलेलं, बुटाच्या नाडीसारखी दोन कानांची गाठ, दोन्ही कान सारखे. बाकीचे कसंतरी अडकवतात. धडा मिळाला की माणूस शिकतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

काका जिन्यात भेटले. सदऱ्याची बटणं नीट लागलेली, केस विंचरलेले. मी म्हटलं, "काका, तब्येत सुधारली तुमची." लाजल्यासारखे झाले. "हो, आता बरं चाललंय," म्हणाले. शिट्टीबाई मागून भाजीची पिशवी घेऊन येत होत्या. पिशवी दोघांच्या मानाने जड वाटत होती, पण मी घेते म्हटलं तर दोघांनीही एकदमच नको म्हटलं.

खूप समाधान वाटलं. आपण एक साधी गोष्ट करतो आणि माणसाचं जगणं मार्गी लागतं. शेजारच्या बिल्डिंगमधली एकजण विचारायला आली होती, आमच्याकडेही सुरू करता येईल का. तिला उरलेला पडदा दिला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज क्लिनिकमध्ये गंमत झाली. माझं काम असं की माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो. मधल्या काचेतून आम्ही एकमेकांना दिसतो. आज एक आजीबाई होत्या. मी आवाज सोडलाच नव्हता तरी दिवा लागत होता. पुन्हा पुन्हा. मी दार उघडून विचारलं, "आजी, काहीच वाजत नसताना बटण का दाबता?" तर म्हणतात, "तू किती आशेने बघत होतीस गं. तुला वाईट वाटू नये म्हणून दाबलं."

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती हसली नाही. माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आई, एक सांगू?" तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन आला. नंतर विचारलं तर म्हणाली, काही नाही.

६ मार्च, शुक्रवार

विशेष काही नाही. सातही फडकी जागच्या जागी. लेकीला परगावी नोकरी लागली आहे, महिनाअखेरीला जाणार. अभिनंदन केलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसत बसले.

७ मार्च, शनिवार

लिहायला हात धजत नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास जिन्यात शिट्टी वाजली. पहिल्यांदा वाटलं, मुलं खेळतायत. पण ती थांबेना. लांब, मग लांब, मग त्याहून लांब, वाजवणाऱ्याचा श्वास संपेपर्यंत. सगळ्यांची दारं उघडली. तिसऱ्या मजल्यावर शिट्टीबाई उभ्या होत्या, तोंडात शाळेची शिट्टी, हाक मारायला आवाजच फुटत नव्हता. पेंटरकाकांचं दार उघडं. काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेले, अर्धं अंग गेलेलं, ओठ सुकून फुटलेले. जिवंत होते. डोळे उघडे होते आणि ते शिट्टीबाईंकडे बघत होते.

कडीला फडकं होतं. सकाळीही होतं, मी पाहिलं. कालही होतं.

शिट्टीबाई काल पहाटेच मुलाकडे गेल्या होत्या. नातवाला ताप, म्हणून रात्री तिथेच राहिल्या, आज परत आल्या. त्यांच्याकडे काकांची किल्ली कशी, हे विचारायचं राहून गेलं.

१० मार्च, मंगळवार

पेंटरकाका पहाटे गेले.

डॉक्टर म्हणाले, गुरुवारी रात्रीच पडले असावेत. लगेच आणलं असतं तर कदाचित.

दूरचा एक पुतण्या आला होता. भला माणूस, पण घाईत. त्याने विचारलं, "इथे त्यांच्या जवळचं कुणी आहे का? कुणाला थांबायचं असेल तर थांबतो." मी म्हटलं, नाही, एकटेच राहायचे. त्याने हॉस्पिटलमधूनच परस्पर नेलं. शिट्टीबाई माझ्या मागे बाकावर बसल्या होत्या, हातात काकांचा चष्मा आणि कानाचं मशीन. गाडी निघून गेल्यावरही त्या तशाच बसून होत्या. मी म्हटलं, बाई, हे पुतण्याला द्यायचं राहिलं. त्या म्हणाल्या, "हो, राहिलं."

१२ मार्च, गुरुवार

झोप नाही. एकच हिशेब घालतेय. काका गुरुवारी रात्री पडले. फडकं रात्री सोडतात. मग शुक्रवारी सकाळी ते बांधलं कुणी? त्यांनी त्या रात्री सोडलंच नसेल? पण गच्चीवरच्या टाकीचं पाणी सोडणारा माणूस सांगतो, गुरुवारी रात्री तो वर गेला तेव्हा कडी मोकळी होती.

सेक्रेटरींचा संशय जिना झाडणाऱ्या बाईवर आहे. झाडताना खाली पडलेलं उचलून बांधलं असेल, म्हणतात. रविवारी मीटिंग आहे. मी म्हटलं, ज्याने कुणी हे केलं त्याला सगळ्यांसमोर विचारलंच पाहिजे. नाहीतर व्यवस्थेवर कुणाचा विश्वास राहणार?

१५ मार्च, रविवार

मीटिंग गच्चीवर झाली. जिना झाडणाऱ्या बाईला कोपऱ्यात उभं केलं होतं. ती रडत होती, शपथा घेत होती. सेक्रेटरी तिला म्हणाले, "हे बघ, खरं बोललीस तर काम जाणार नाही."

मागून आवाज आला, "तिला सोडा. मी बांधत होते."

शिट्टीबाई उभ्या राहिल्या. कवायतीला उभं राहावं तशा, हात सरळ, मान ताठ. म्हणाल्या, "त्यांना पहाटे कुठे झोप लागायची. त्यात बेल वाजली की दचकून उठायचे, धडपडायचे. आणि ते दार तोडल्यापासून तर... मी म्हटलं, तुम्ही झोपा, मी बांधत जाईन. रोज सहाला बांधायचे आणि नऊला चहा घेऊन जायचे. रात्री मीच सोडायचे. शुक्रवारी गाडी लवकर होती. बांधलं आणि गेले. वाटलं, झोपलेत, झोपू दे."

मी बोलले. सगळं नीट आठवतंय, म्हणून लिहून ठेवते. मी म्हटलं, "आम्ही ज्याच्यासाठी एवढी धडपड केली ते तुम्ही खोटं पाडलंत. मी रोज बघत होते बाई. तुम्ही ते बांधलं नसतं तर शुक्रवारी आठ वाजता मी ती बेल वाजवली असती. तुम्ही मारलंत त्यांना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. म्हणाल्या, "हो. मलाही तसंच वाटतं."

आणि जिना उतरून गेल्या. एकेक पायरी, कठड्याला धरून.

२२ मार्च, रविवार

शिट्टीबाईंच्या कडीला फडकं नसतं. मी बेल वाजवत नाही. काय तोंडाने वाजवू? पहाटे वरून त्यांच्या चपलांचा आवाज येतो, दारापर्यंत येतो आणि थांबतो, मग परत फिरतो. रोज सहाला. तेवढ्यावरून कळतं, आहेत. मुलगा न्यायला आला होता, गेल्या नाहीत म्हणे. जिन्यात भेटल्या तर लोक बाजूला होतात. कालपर्यंत ज्यांनी त्यांच्याकडून साखर नेली, तेसुद्धा.

बाकीची फडकी आता दिवसरात्र तशीच लटकतात. कुणी सोडत नाही, कुणी बांधत नाही. मी रोज उतरताना बघते आणि मला काही म्हणजे काही कळत नाही.

२८ मार्च, शनिवार

लेकीचं सामान भरत होतो. ती एकदम म्हणाली, "आई, मला माहीत होतं."

"काय?"

"त्या बांधतात ते. जिन्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी दोघं दार उघडं टाकून बसायची, बाई त्यांना पेपर वाचून दाखवायच्या, हे तुला कधी दिसलंच नाही? तू सकाळी दारं बघायचीस, बस."

"सेक्रेटरींनाही माहीत होतं? मग त्या झाडणाऱ्या बाईला..."

"त्यांना तर नक्कीच."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग हळूच म्हणाली, "तू किती खूश होतीस, आई."

मी खाली बसले. त्या काचेतून बघणाऱ्या आजीबाई डोळ्यांसमोर आल्या. बटण. दिवा. मी बाहेर बसून समाधानाने नोंद करतेय.

मग विचारलं, "तुला कधी वाटलं का, की मी तुझीही नुसती हजेरीच घेते?" ती माझ्या शेजारी येऊन बसली. ते उत्तर मी मला हवं तसं घेतलं नाही, एवढं तरी आता शिकले आहे.

२ एप्रिल, गुरुवार

लेक गेली. जाताना घराची तिची किल्ली टेबलावर ठेवून गेली. घरात माझ्या एकटीचा आवाज होतो. कप ठेवला तरी मोठा वाटतो.

आज सकाळी दार ओढून घेतलं आणि सवयीने कडीकडे पाहिलं. मोकळी. बिल्डिंगमध्ये आता मीही एकटी, आणि मला फडकं द्यायचं कुणाला सुचलेलं नाही. मी द्यायची ना ती.

दिवसभर कामात मन नव्हतं. एक गृहस्थ आत बसले होते. मी आवाज सोडला, त्यांना ऐकू आला नाही. वाढवला, नाही आला. त्यांनी बटण दाबलं नाही, नुसते काचेतून माझ्याकडे बघत बसले, घाबरलेले. मी मशीन बंद केलं, आत गेले आणि त्यांच्या शेजारी थोडा वेळ बसले. का, ते मलाही सांगता येणार नाही. बाहेर रांग खोळंबली, डॉक्टर रागावले.

५ एप्रिल, रविवार

काल सकाळी सगळ्या मजल्यांवरून फिरून फडकी सोडून आणली. कुणी विचारलं नाही का. उन्हाने विटली होती, पेंटरकाकांचं सोडून. त्या दारावर ऊन येत नाही, ते अजून तसंच पिवळं होतं. गाठ सोडायला मला फार वेळ लागला. ती गाठ घट्ट नव्हती.

काका मला म्हणाले होते, नको ताई. मी दोन्ही किल्ल्या त्यांच्या मुठीत पाहिल्या होत्या आणि त्यांना हट्टी ठरवून मोकळी झाले होते. ती दुसरी किल्ली त्याच संध्याकाळी समोरच्या दारात गेली असणार. कुणी मागितली नसताना.

मी शिट्टीबाईंना 'मारलंत' म्हटलं. हा शब्द परत घेता येत नाही. घेऊही नये. तो माझ्या नावावर राहू दे, माफी मागून त्यांच्यावर आणखी एक काम टाकायचं नाही. आणि काळजी घेते, लक्ष ठेवते, असलं काही म्हणायचं नाही. त्याचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतो.

लेकीची किल्ली हातात आहे. गरम झाली आहे धरून धरून. सहा होत आले. वर चपला वाजतायत, दारापर्यंत येतायत. त्या थांबायच्या आत मला वर पोचायचं आहे. बाई साखळी लावूनच दार उघडतील, उघडलं तर. नाही म्हणतील. त्यांच्या जागी मी असते तर नाहीच म्हटलं असतं. तरी विचारणार आहे, एवढंच, जास्त काही न बोलता:

बाई, माझ्या घराची किल्ली तुमच्याकडे ठेवाल का?